पाणी किती, हे कुंडीला विचारा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बागेची हौस नव्याने लागलेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कुंडीला रोज किती पाणी घालायचं?" यातला 'किती' ठीक आहे, घोटाळा आहे तो 'रोज'मध्ये. तळेगावातले एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले, "अहो, मी एक दिवस खाडा केला नाही, तरी तिसरा गुलाब गेला." मी त्यांना कुंडी उचलायला सांगितली. दोन्ही हात लावावे लागले. खालचं भोक मातीने बुजलं होतं आणि तळाला कुबट वास येत होता. गुलाब तहानेने गेला नव्हता, बुडून गेला होता.

झाड बुडतं म्हणजे काय, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सारं सोपं आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते. आपण पाणी घातलं की ते या पोकळ्यांत शिरतं आणि हवा बाहेर पडते. जादा पाणी खाली निघून गेलं की हवा परत येते. पाणी निघालंच नाही, किंवा निघायच्या आत आपण पुन्हा झारी घेऊन हजर झालो, तर मुळं गुदमरतात आणि सडतात. सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं माना टाकतात. पानं सुकलेली पाहून आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला तहान लागली, आणि आपण आणखी पाणी ओततो! म्हणून पानांकडे पाहून निर्णय घेऊ नका. आधी मातीत बोट घाला. वरची दोन पेरं कोरडी लागली तर पाणी द्या, बोटाला ओली माती चिकटली तर झारी ठेवून द्या. लहान कुंडी असेल तर ती उचलून पाहावी. पाणी घातल्यावरचं वजन आणि तीन दिवसांनंतरचं वजन यांतला फरक हाताला आठवड्याभरात कळायला लागतो.

आपल्या मावळात हा हिशेब आणखी अवघड होतो, कारण इथे एकाच तालुक्यात दोन-तीन हवामानं नांदतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लोकलने मळवली, कामशेत, वडगाव करत तळेगावला उतरा. अंतर जेमतेम तीस किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. लोणावळ्याच्या मावशीने सांगितलेलं वेळापत्रक तळेगावच्या भाचीच्या गॅलरीत चालणार कसं?

पवनानगरकडे किंवा तळेगावच्या आसपास गेलात तर गुलाबाची पॉलिहाउसं दिसतील. फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन डेसाठी इथला गुलाब परदेशात जातो. इतक्या पावसाच्या मुलखात हा शेतकरी डोक्यावर प्लॅस्टिकचं छप्पर घालून पाऊस बाहेर ठेवतो, उंच गादीवाफे करतो आणि ठिबकच्या नळीने मोजून पाणी आत देतो. पाणी आपल्या हातात राहावं, हे त्या छपराचं एक मोठं कारण आहे. आपल्या चार कुंड्यांनाही हेच लागू आहे.

म्हणून मृग लागला की सगळ्या कुंड्यांखालच्या बश्या काढून टाकाव्यात. कुंड्या दोन विटांवर ठेवाव्यात, म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं. अडेनियम, निवडुंग यांना थेट छपराखाली न्यावं. गुलाबाची पानं दिवसेंदिवस ओली राहिली की काळे ठिपके पडतात, त्याला निदान पागोळ्यांखालून तरी हलवा. मात्र पावसाळ्याची उलटी गंमतही आहे. बाहेर धो-धो कोसळत असतं आणि पडवीतली कुंडी आतून कोरडी ठणठणीत! दाट पानांची छत्री झालेल्या झाडाच्या कुंडीतही पाऊस फारसा शिरत नाही. तेव्हा जुलैतही बोट घालून पाहायचंच.

पाणी द्यायचं ठरलं की मात्र कंजुषी नको. रोज वाटीभर शिंपडल्याने वरची दोन बोटं माती भिजते आणि मुळं खाली जायचं सोडून वरच घोटाळतात. सावकाश, कुंडीभर फिरवून, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या. आठ इंची कुंडीला साधारण पाऊण ते एक लिटर लागतं. त्यानंतर माती सुकेपर्यंत नाही.

कधी पाणी घालताच ते तळातून भळाभळा निघून जातं आणि आपल्याला वाटतं, वा, भिजली! तशी ती भिजलेली नसते. माती फार वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून पळतं. काळ्या मातीत हे फार होतं, म्हणून कुंडीत नुसती काळी माती नको. नर्सरीतून आणलेल्या काही रोपांच्या मुळाशी घट्ट लाल मातीचा गोळा असतो. तो तसाच भुसभुशीत कोकोपीटमध्ये लावला तर भोवती ओलं आणि गोळा आतून कोरडा, अशी स्थिती होते. लावतानाच तो हलक्या हाताने मोकळा करावा. वाळलेली कुंडी सरळ बादलीभर पाण्यात ठेवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या.

तळाशी खडी घातली की निचरा होतो, असं आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. मला ते पटत नाही, आणि शास्त्रही तसं सांगत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, मातीच्या शेवटच्या थरात ते अडून राहतं. खडीमुळे हा चिंब थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. निचरा हवा असेल तर मातीच मोकळी करा. तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट हे मिश्रण चांगलं. सप्टेंबरात लोहगड-विसापूरच्या उतारांवर सोनकी पिवळीजर्द फुलते ती पाहा. एवढ्या पावसात ती तगते, कारण त्या उतारावर पाणी थांबत नाही.

दुसरा समज, भर उन्हात पानांवर थेंब पडले की ते भिंगासारखे पान जाळतात. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 साली याची तपासणी केली, तेव्हा गुळगुळीत पानांवर असं होत नाही असं दिसलं. लवदार पानांवर होऊ शकतं. तरी पाणी सकाळीच द्यावं. दुपारी बरंचसं उडून जातं, आणि उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चहाइतकं गरम असतं, ते मुळांवर सोडू नका.

हिवाळ्यात झाडं कमी पितात. मोगऱ्याला तर डिसेंबरात पाणी कमी करून ताण द्यावा, छाटणी करावी आणि मग खत-पाणी सुरू करावं, उन्हाळ्यात बहर येतो. बोगनवेलही थोड्या तहानेवरच फुलते. जास्वंदीला मात्र हा खेळ चालत नाही, कोरडी पडली की ती कळ्या टाकते. एप्रिल-मेमध्ये वारा कोरडा असतो, तेव्हा मातीच्या लहान कुंडीला दिवसातून दोनदाही लागेल, कारण ती अंगातून झिरपते. प्लॅस्टिकच्या कुंडीला तेवढं लागणार नाही.

बश्यांचं एक राहिलं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. नुसतं पाणी ओतून देऊ नका, बशी घासा. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात.

लोणावळ्यात शनिवार-रविवारपुरते येणारे विचारतात, मधल्या पाच दिवसांचं काय? कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. उंचावर पाण्याची बादली ठेवून तिच्यातून जुन्या सुती साडीची वात प्रत्येक कुंडीच्या मातीत खुपसा. मोठी कुंडी असेल तर संक्रांतीचं सुगड गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा. माती सुकेल तसं ते झिरपत राहतं. फक्त रंग लावलेलं सुगड घेऊ नका, ते झिरपत नाही.