हजार रुपयांतला आवाज आणि मिरजेचा कान

रमजानचा शेवटचा पंधरवडा लागला की साताऱ्यात, सांगलीत आणि मिरजेत कपडे, शेवया, अत्तर यांच्या दुकानांबरोबर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या दुकानांतही गर्दी वाढते. ईदी मिळणार म्हणून पोरांचे डोळे आधीच काचेच्या कपाटाकडे लागलेले असतात. दुसरीकडे कुणा मुलाला आपल्या आईसाठी काही तरी घ्यायचे असते. तिची नजर अधू झालेली असते, कुरआन शरीफ वाचणे जमत नाही, पण किरात ऐकायची ओढ कमी होत नाही. दोघांच्याही हातात शेवटी एकच वस्तू येते: हजार-दीड हजार रुपयांचा, खिशात मावणारा, मेमरी कार्डवर चालणारा प्लेअर.

दुकानदार तो लावून दाखवतो. गाणे ठरलेले असते, ढोल-ताशाचे आणि दणदणीत. टेबल थरथरते आणि गिऱ्हाईक खूश होते. घरी आल्यावर त्याच डब्यावर किरात लावली की शब्द मात्र घुसमटलेले येतात. दणका म्हणजे चांगला आवाज नव्हे, ही गोष्ट पैसे गेल्यावर कळते.

खरे तर या भागात आवाजाची पारख शिकायला लांब जावे लागत नाही. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी आणि तंबोरे घडत आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर या धंद्यात आले, फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतले जाते आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे कारागीर तंबोऱ्याचा मोठेपणा त्याच्या जोरावरून ठरवत नाहीत, जवारीवरून ठरवतात. घोडीचा पृष्ठभाग कानसून, तारेखाली सुताचा धागा सरकवून ते एक नेमकी जागा शोधतात. ती सापडली की एका तारेतून अनेक स्वर उमलतात आणि हळूहळू विरतात. स्वस्त प्लेअर तपासायला हाच तंबोरा उत्तम माप आहे.

काळी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा असतो. दोन इंची स्पीकरमधून तो जवळजवळ निघतच नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण १४०, २१०, २८० हर्ट्झ असे त्याचे वरचे स्वर कानावर पडतात आणि मेंदू त्यांवरून मूळ स्वर जुळवून घेतो. म्हणजे छोट्या स्पीकरकडून खर्जाची अपेक्षा नको. वरचे स्वर मात्र स्वच्छ हवेत. तंबोऱ्याची ध्वनिफीत लावून आवाज पाऊणपर्यंत वाढवावा. तार छेडल्यानंतरचा गुंजारव सलग विरत गेला तर प्लेअर ठीक. तो फाटला, डब्याचे प्लास्टिक भणभणले किंवा पाण्याखालून आल्यासारखा डुचमळला, तर दुसरा मागावा. हे डुचमळणे पुष्कळदा फार दाबलेल्या एमपी-३ फाइलमुळेही होते. म्हणून तपासणीची फाइल १२८ केबीपीएस किंवा त्याहून वरची असावी.

दुसरी परीक्षा शब्दांची. अरबीत ‘कल्ब’ हा शब्द दोन प्रकारच्या ‘क’ने उच्चारता येतो. कंठातून खोल काढला तर अर्थ होतो हृदय, साधा काढला तर कुत्रा. किरात शिकवणारे उस्ताद या एका अक्षरासाठी मुलांना दहा वेळा थांबवतात. मराठी माणसाला हे नवे नाही. ‘चमचा’ आणि ‘चिमटा’ यांतले ‘च’ आपण न सांगता वेगळे उच्चारतो. प्लेअरने हे बारकावे राखले पाहिजेत. स, श, फ यांसारख्या घासून येणाऱ्या अक्षरांची ओळख मुख्यतः वरच्या पट्टीत, ४ हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्यावर असते. वय वाढते तशी माणसाची हीच पट्टी आधी मंदावते. म्हणूनच म्हातारी माणसे म्हणतात, ‘आवाज येतो, पण कळत नाही.’ त्यांच्यासाठी ‘बास’ वाढवलेला डबा घेणे म्हणजे अडचणीत भर. त्यांना कमी दणक्याचा आणि स्पष्ट बोलणारा प्लेअर हवा. दुकानात किरात, प्रवचन किंवा बातम्या लावून पाहाव्यात, आणि शक्य असल्यास ज्याच्यासाठी घ्यायचा त्यालाच ऐकवावे.

तिसरी परीक्षा जुन्या ध्वनिमुद्रिकेची, आणि तीही मिरजेचीच. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली प्रवासात त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीत सभा भरते. तीन-साडेतीन मिनिटांच्या तव्यांवर त्यांनी ठुमऱ्या गायल्या, तशी मराठी नाट्यपदेही गायली. मुस्लिम उस्तादाच्या कंठातले नाट्यपद नाटकाच्या पंढरीतल्या, म्हणजे सांगलीतल्या रसिकांनी आपलेच मानले. या तव्यांत फार वरचा नाद मुळातच उतरलेला नाही. प्लेअरने ‘ट्रेबल’ वाढवून ठेवला असेल तर गळ्यापेक्षा सुईची खरखर पुढे येते. खरखर मागे राहून आवाज पुढे आला तर समजावे, प्लेअर सरळ आहे.

आवाजानंतर सोयी. पहिली सोय थांबल्या जागेची आठवण. अर्धा पारा ऐकून नमाजला उठल्यावर प्लेअर पुन्हा पहिल्या फाइलपासून सुरू झाला, तर म्हातारे माणूस दोन दिवसांत तो कोपऱ्यात ठेवते. बंद करून पुन्हा चालू करून हे दुकानातच पाहावे. दुसरी गोष्ट क्रमाची. अनेक स्वस्त प्लेअर फाइली १, १०, ११, २ अशा लावतात. कुरआनच्या ११४ सूरांना ००१ ते ११४ असे तीन आकडी क्रमांक दिले की प्रश्न मिटतो. हरिपाठ किंवा गीतेच्या अध्यायांचेही तसेच. देवनागरी आणि उर्दू नावे पडद्यावर चौकोन होऊन येतात का, तेही बघावे.

कार्डाच्या आकड्याला भुलू नये. १२८ केबीपीएसला एका मिनिटाला साधारण १ एमबी लागते. संपूर्ण कुरआनचे पठण २०-३० तासांचे धरले तरी ते २ एमबी नव्हे, २ जीबीच्या आतबाहेर बसते. ८ जीबीचे चांगले कार्ड पुरून उरते. उलट स्वस्तात मिळणारे मोठे कार्ड पुष्कळदा खोट्या आकड्याचे निघते. ते पूर्ण भरून शेवटची फाइल वाजते का ते पाहावे. बॅटरी काढता येणारी असली तर उत्तम. जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी चालणारे डबे अजून मिळतात आणि तालुक्याच्या गावातही ती बदलता येते. बंदिस्त बॅटरी संपली की डबाच संपतो.

रेडिओ हवा असेल तर एक लक्षात ठेवावे. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. साताऱ्यात स्वच्छ लागणारे केंद्र कोयनेच्या खोऱ्यात उतरले की तुटते, त्यात प्लेअरचा दोष नसतो. इअरफोनची वायर हाच ज्याचा अँटेना, तो वायर काढली की मुका होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे, कानाचे. सातारा-सांगली एसटीत इंजिनाच्या घरघरीवर मात करायला पोरे इअरफोन पूर्ण मोठा करतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज ९० डेसिबलवर गेला की तीच मर्यादा ४ तासांवर येते. आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. कानात नीट बसणारे रबरी बोंड बाहेरची घरघर अडवते आणि आवाज कमी ठेवूनही ऐकू येते. ईदीच्या पैशातून प्लेअर घेताना शंभर रुपये या बोंडासाठी राखावेत.

पोरे म्हणतील, मोबाइल असताना हा डबा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मोबाइलवर किरात चालू असताना फोन येतो, जाहिरात घुसते, आणि लहान बटणे थरथरत्या बोटांना सापडत नाहीत. रमजानमध्ये अनेक घरांत गाणी बंद असतात, किरात आणि नात तेवढी चालते. त्या महिन्यात एकच काम नेमाने करणारी साधी वस्तू उपयोगी पडते. एरवी तीच वस्तू शेजारच्या आजींना अभंग ऐकवते आणि गाणे शिकणाऱ्या मुलीला, घरात तंबोरा नसताना, रियाजासाठी षड्ज धरून देते. मात्र त्या मुलीने एकदा तरी मिरजेला जाऊन खऱ्या तंबोऱ्यामागे बसावे. डब्यातला सूर किती खरा, हे त्याशिवाय तिला कळणार नाही, आणि ती जवारी लावणाऱ्या हातांना कामही उरणार नाही.

सहेरीची वेळ पहाटेची. त्या वेळी भिंतीपलीकडे कुणी रात्रपाळी करून आलेले असते, कुणाच्या मुलीची परीक्षा असते. प्लेअर उशीजवळ ठेवला तर त्याचा आवाज खोलीबाहेर जायचे कारण नाही. घेणाऱ्याने तेवढे पाहून द्यावे: फाइली क्रमाने भराव्यात, आवाज बेताचा लावावा आणि चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यावा. आईला चष्मा न शोधता तो दिसला पाहिजे.