सालवण : आधी बी, मग मूळ

पालघर, बोईसर-तारापूर परिसरातील रानातून येताना कपड्यांना चिकटलेल्या चपट्या शेंगांचे तुकडे आपण झटकून टाकता. त्यांत सालवणीचे, म्हणजे शालपर्णीचे बीही असू शकते. एकेरी पानांची ही बहुवर्षायू, द्विदल वनस्पती दशमुळांच्या १० औषधींपैकी एक आहे. मुळासाठी ती समूळ उपटली जाते. शेंगा पिकण्यापूर्वी उपटल्यास झाडही जाते आणि बीही.

म्हणून शेंगा वाळून तपकिरी झाल्यावर प्रथम बी गोळा करावे, मगच मुळे काढावीत. प्रत्येक ठिकाणी काही झाडे राखावीत. बियांचे कवच कठीण असल्याने ते वाळूत हलके चोळून पावसाळ्याच्या सुरुवातीस बांधावर पेरावे. घरच्या बांधावर सालवण असेल, तर रानातील मुळांवरचा भार हलका होईल.