संकेतस्थळावरची वर्दळ : येतात किती, येतात कशासाठी?

पाचाड (ता. महाड) : किल्ले रायगडाच्या पायथ्याशी ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी लावणाऱ्याला एक हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. ६ जूनला शिवराज्याभिषेक दिनी परिसरात अलोट गर्दी लोटते. पण त्यातील अनेक जण रात्रीतून येतात, गड चढतात आणि सोहळा आटोपताच परतीची वाट धरतात. उलट डिसेंबरातील एखाद्या शनिवारी आलेले पाच जणांचे कुटुंब दोन वेळा जेवते, मुक्काम करते आणि निघताना पुढच्या खेपेचे बोलून जाते. गर्दी केव्हा झाली आणि धंदा केव्हा झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संकेतस्थळ काढून जाहिरातींतून चार पैसे मिळवू पाहणाऱ्यांना मात्र ते एकच वाटतात आणि तेथेच गणित बिघडते.

महाड-पोलादपूर परिसरात लिहिण्याजोग्या विषयांची वाण नाही. रायगड, पाचाडमधील राजमाता जिजाऊंचा वाडा व समाधी, महाडचे चवदार तळे, गांधारपाले येथील लेणी, शिवथरघळ, नरवीर तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ ही नावे महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील ११ महाराष्ट्रातील असून बारावा तामिळनाडूतील जिंजी आहे. रायगड या यादीत असल्याने त्याच्याविषयीची विचारणा आता मराठी वाचकापुरती राहिलेली नाही. परिसरातील एखादा तरुण मोबाईलवर छायाचित्रे काढून, माहिती लिहून संकेतस्थळ चालवू लागला, तर त्यात नवल नाही. प्रश्न आहे तो त्यातून उत्पन्न कसे होते, हा.

जाहिरातीचा भाव ठरतो कसा?

गुगलने ‘ॲडसेन्स’ ही सेवा २००३ मध्ये सुरू केली. संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या पानात जाहिरातीसाठी जागा राखून ठेवायची. तेथे कोणती जाहिरात दिसावी हे गुगल ठरवते. वाचक पान उघडतो त्या क्षणी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, त्या जागेचा लिलाव होतो. पानाचा विषय काय, वाचक कोणत्या देशातून व शहरातून आला, त्याच्या हाती मोबाईल आहे की संगणक, हंगाम कोणता, या साऱ्यांवर जाहिरातदाराची बोली अवलंबून असते. म्हणजे एकाच पानावरील एकाच जागेला सकाळी एक भाव मिळतो आणि संध्याकाळी दुसरा. जाहिरातदाराने मोजलेल्या रकमेतून सुमारे ६८ टक्के वाटा संकेतस्थळाच्या मालकाकडे येतो. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर क्लिक केले तरच प्रामुख्याने पैसे मिळत. २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर मोबदला देण्याची पद्धत लागू झाली आहे. मराठी मजकुरासाठी ही सेवा खुली झाली ती २०१८ मध्ये. त्यापूर्वी मराठीत लिहिणाऱ्याला या मार्गाने कमाईची वाट जवळजवळ बंदच होती.

उत्पन्न मोजण्याचे माप म्हणजे पान हजार वेळा पाहिले गेल्यास मिळणारी रक्कम. निव्वळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. शिवजयंतीच्या शुभेच्छाचित्रांचे पान ५०,००० वेळा उघडले गेले आणि हजारामागे १५ रुपये मिळाले, तर ७५० रुपये झाले. पाचाडमधील मुक्कामाच्या सोयींचे पान केवळ ६,००० वेळा उघडले गेले, पण हजारामागे १५० रुपये मिळाले, तर ९०० रुपये झाले. आकडे कल्पित असले, तरी असा फरक पडण्यामागचे कारण खरे आहे. शुभेच्छाचित्र शोधणारा ते उतरवून घेतो आणि क्षणात निघून जातो. त्या वेळी त्याला काहीही विकत घ्यायचे नसते. मुक्काम शोधणाऱ्याच्या मनात मात्र प्रवास ठरलेला असतो. हॉटेलवाला, प्रवासी कंपनी, बूट, पाठपिशवी व रेनकोट विकणारा, या सर्वांना नेमका तोच वाचक हवा असतो आणि त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी ते अधिक बोली लावतात. दर्जेदार वर्दळ म्हणतात ती हीच.

वाचक कोठून आला, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतील जाहिरातदारांच्या बोली भारतातील बोलींपेक्षा सहसा बऱ्याच चढ्या असतात. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत मुलांना रायगड दाखवायचे ठरवून न्यू जर्सीतील एखादे मराठी कुटुंब तेच पान वाचते, तेव्हा त्याच जागेचे मोल वाढते. मराठी पानासोबत त्याच विषयाचे नेटके इंग्रजी पान ठेवणे या दृष्टीने फायद्याचे ठरते. इंग्रजी पान म्हणजे मराठीचे यांत्रिक भाषांतर मात्र नव्हे. परदेशातून येणाऱ्याचे प्रश्नच निराळे असतात : मुंबईच्या विमानतळावरून पाचाडला किती वेळ लागेल, वृद्धांना गडावर नेता येईल काय, गावात रोख पैसे लागतील काय?

नावातच घोटाळा

योग्य वाचक यायचा, तर अयोग्य वाचक टळला पाहिजे. रायगडाच्या बाबतीत ही अडचण नावापासूनच सुरू होते. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्यामुळे ‘रायगड’ एवढेच शोधणाऱ्यास किल्ला हवा असेल, अलिबागचे जिल्हाधिकारी कार्यालय हवे असेल किंवा पनवेलमधील घरांचे दरही हवे असतील. शिवाय छत्तीसगडमध्ये रायगढ नावाचे कोळसा व पोलादाच्या उद्योगाचे शहर आहे आणि रोमन लिपीत ही दोन नावे एकमेकांत सहज मिसळतात. केवळ ‘रायगड’ असा मथळा दिलेल्या पानावर हे सगळेच येऊन धडकतात आणि दोन-चार सेकंदांत परत फिरतात. ‘किल्ले रायगड : पाचाडमधील मुक्काम व गडावर जाण्याच्या वाटा’ असा मथळा दिला, तर येणाऱ्यांची संख्या घटेल, पण आलेला वाचक थांबेल, दुसरे पानही उघडेल.

थांबण्यासारखे त्याला काय द्यावे, हे मुंबई-पुण्यात बसून लिहिणाऱ्यापेक्षा पाचाडकराला अधिक ठाऊक असते. रोपवे १९९६ पासून सुरू आहे. पण त्याचा पायथा हिरकणीवाडीला आहे, चित दरवाजापाशी नव्हे. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्याने वाहनाला उगाच फेरा पडू शकतो. राज्याभिषेक सोहळा तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला आणि तारखेप्रमाणे ६ जूनला, असा दोनदा होतो. तिथीची तारीख दरवर्षी बदलते. त्या त्या वर्षीच्या दोन्ही तारखा, वाहने कोठे लावायची, एसटी महाडहून कशी मिळते, कोकण रेल्वेचे वीर स्थानक सोयीचे की माणगाव, हे सांगणारे पान मे महिन्यातच तयार हवे. जूनच्या पाच तारखेला लिहिलेले पान शोधयंत्राच्या नजरेस पडेपर्यंत सोहळा उरकलेला असतो.

पावसाळ्याची बाब अधिक गंभीर आहे. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टीमुळे पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहिले, पर्यटक अडकले आणि त्यानंतर गड काही काळ बंद ठेवावा लागला. अशा दिवसांत ‘पायरीमार्ग खुला आहे’ असे सांगणारे जुने पान तसेच राहिले, तर त्यावर विसंबून लेकराबाळांसह निघालेल्या माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो. माहिती शेवटची कधी तपासली, ती तारीख पानावर ठळक लिहिणे हे त्यामुळे कमाईच्याही आधीचे कर्तव्य ठरते. असे पान लोक आपणहून एकमेकांना पाठवतात, हा त्याचा व्यवहारी लाभ.

आणखी एक कारण अलीकडचे आहे. गुगलने ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधाच्या निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे देण्यास सुरुवात केली. गडाची उंची किती, पायऱ्या किती, राज्याभिषेक कोणत्या साली झाला, यांसाठी कुणी संकेतस्थळाच्या दारापर्यंत येण्याची गरज उरलेली नाही. एकमेकांवरून उतरवलेल्या इतिहासाच्या पानांना याची झळ सर्वाधिक बसते आणि त्याबद्दल फारशी हळहळ वाटण्याचेही कारण नाही. कालच्या पावसानंतर वाटेची स्थिती काय आहे, हे मात्र गावातल्याच माणसाने सांगावे लागते.

माहितीचे लिखित रूपही तपासून घ्यावे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या स्वतंत्र फॉन्टमध्ये असत. वाचकाला अक्षरे दिसत. शोधयंत्राला मात्र तो मजकूर अगम्य असे. युनिकोड आल्यावर ही अडचण सरली. आज तीच चूक वेगळ्या रूपाने होते. बसच्या वेळा, दर, संपर्क असा सारा तपशील एका रंगीत चित्रात बसवून ते पानावर चिकटवले जाते. त्यातील अक्षरे शोधयंत्राच्या हाती लागतीलच, याची खात्री नसते. शिवाय अशी जड चित्रे महाडहून वर येणाऱ्या रस्त्यावर, जेथे मोबाईलला रेंज अपुरी मिळते, लवकर उघडत नाहीत. जाहिरातीचा किमान अर्धा भाग किमान एक सेकंद पडद्यावर दिसला, तरच ती ‘पाहिली गेली’ असे जाहिरात व्यवसायात मानतात. पान उघडण्यापूर्वीच वाचक कंटाळून निघून गेला, तर त्या भेटीची किंमत शून्य.

विकतची वर्दळ

झटपट उत्पन्नाच्या आशेने काही जण भेटी विकत घेतात. ‘अमुक रुपयांत इतके हजार वाचक’ अशा योजना इंटरनेटवर उघडपणे चालतात. त्यांतील बहुतेक वाचक माणसे नसतातच. संगणकीय कार्यक्रमच पाने उघडत असतात. मित्रमंडळींना सांगून जाहिरातींवर क्लिक करवून घेणे, स्वतःच क्लिक करणे, हेही त्याच जातीचे. असा प्रकार आढळला की गुगल त्या भेटींचे पैसे कापून घेते आणि प्रसंगी खातेच बंद करते. दोन वर्षे राबून उभे केलेले संकेतस्थळ त्या दिवसापासून या उत्पन्नाला मुकते. पैसे देऊन आणलेल्या गर्दीत एकही गिऱ्हाईक नसते, याची कल्पना जाहिरातदाराला विकणाऱ्याइतकीच असते.

संकेतस्थळ छोटे असेल, तर गुगलवरच सारी भिस्त ठेवण्याचे कारण नाही. पाचाडला येण्याचे ठरवलेला वाचक ज्या पानावर थांबतो, तेथे गावातील खानावळीची किंवा महाडच्या वाहनचालकाची जाहिरात ठरावीक मासिक दराने लावता येते. त्यासाठी महिन्याला लाखभर वाचक लागत नाहीत. पाच-सातशे असले आणि त्यांतील दहा कुटुंबे जेवायला आली, तरी खानावळवाल्याचे पैसे वसूल होतात. मात्र ही जाहिरात आहे असे तेथे स्पष्ट लिहावे. ‘आमची शिफारस’ म्हणून ती खपवू नये.

गुगलचे पैसे मिळण्यासाठी खात्यावर १०० डॉलर जमा व्हावे लागतात. त्याआधी, १० डॉलर झाले की दिलेल्या पत्त्यावर टपालाने एक पिन क्रमांक येतो. तो पोचायला दोन ते चार आठवडे लागतात आणि चार महिन्यांत नोंदवला नाही, तर संकेतस्थळावरील जाहिराती थांबतात. शहरात इमारतीचे नाव पुरते. येथे घराचे व वाडीचे नाव, मुक्काम पोस्ट पाचाड, तालुका महाड, जिल्हा रायगड असा पोस्टमन ओळखेल तसा पूर्ण पत्ता अर्जातच भरावा. अर्जातील नाव व बँक खात्यावरील नाव तंतोतंत एक असावे आणि पत्र येण्याच्या सुमारास पोस्टात एकदा सांगून ठेवावे.