जन्मापूर्वीच लागलेला निकाल

एकाच साच्यातून घडवलेले मूल, त्याला वाढवणारी निष्ठुर राजवट आणि आपला जन्म कशासाठी झाला हे त्या मुलाला कळण्याचा दिवस, हा विज्ञानकथांचा आवडता विषय आहे. ऑल्डस हक्सले यांच्या 1932 सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीतील राज्यात एकाच बीजांडापासून डझनावारी एकसारखी मुले निर्माण होतात आणि कोणी अधिकार गाजवायचा, कोणी कारखान्यात राबायचे, हे ती बाटलीत असतानाच ठरते. काझुओ इशिगुरो यांच्या 2005 सालच्या ‘नेव्हर लेट मी गो’मधील क्लोन मुले तर इतरांना अवयव पुरवण्यासाठीच वाढवलेली असतात. ती शाळेत चित्रे काढतात, मैत्री करतात आणि तारुण्यातच संपतात. वाचक हळहळतो, पुस्तक मिटतो आणि असे काही आपल्या देशात घडले नाही, घडणारही नाही, या समाधानात राहतो.

हे समाधान कितपत खरे आहे? निव्वळ प्रतिरूप असण्यात भयानक असे काही नाही. एकाच बीजापासून झालेली जुळी भावंडे निसर्गतःच परस्परांची प्रतिरूपे असतात. गावात त्यांचे कौतुकच होते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2009 मध्ये ‘समरूपा’ हे म्हशीचे क्लोन पारडू जन्मले आणि काही दिवसांतच दगावले. माणसाचे असे मूल जन्माला घालण्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूत्रांनी मनाई केली आहे. तेव्हा त्या कथांतील खरे भय चेहऱ्याच्या सारखेपणात नसून मुलाच्या आयुष्याचा निकाल त्याच्या जन्मापूर्वीच लागलेला असतो, यात आहे. आणि असा निकाल लावण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नसते. एक कायदा आणि एक नोंदवही पुरेशी होते.

तो कायदा 1871 मध्ये झाला. ‘गुन्हेगार जमाती’ असे त्याचे नाव. विशिष्ट जमातीत जन्मलेला माणूस काही करण्यापूर्वीच गुन्हेगार, हे त्याचे सूत्र होते. नोंदणी, पोलिसांपुढे हजेरी आणि परगावी जाण्यास परवाना, हे त्याचे मार्ग होते. 1897 च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. 1911 पासून हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करता येऊ लागला. सोलापूरला तारांच्या कुंपणाआड मोठी वसाहत उभी राहिली आणि तेथील माणसे कापडगिरण्यांत कामाला जाऊ लागली. अर्थशास्त्राच्या भाषेत हा स्वस्त आणि सोडून न जाणारा मजूर होता. हक्सले यांनी कल्पिलेली व्यवस्था त्यांच्या पुस्तकाआधीच येथे चालू होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

मुंबई प्रांताने हा कायदा 1949 मध्ये रद्द केला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला. तथापि साचा तसाच राहिला. यवतमाळ जिल्ह्यातील फासेपारध्यांच्या बेड्यावर हे आजही दिसते. फासे लावून शिकार करणे हा या जमातीचा परंपरागत उद्योग. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. वन्यजीव वाचवणे आवश्यकच होते, परंतु ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना जमीन वा भांडवल त्या प्रमाणात मिळाले नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना एका जागी राहू दिले गेले नाही, त्यांच्या नातवाने आजोबांच्या वास्तव्याचा कागद कोठून आणावा? शिवाय त्या तारखेला हा कायदा देशातून पुरता जायला जवळजवळ दोन वर्षे बाकी होती.

रक्तातच काही असते, असे मानणाऱ्यांना याच जिल्ह्याने उत्तर दिलेले आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. पुसद तालुक्यातील गहुली तांड्यावर 1913 मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक याच समाजातील. 1963 ते 1975 अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्याचे मुख्यमंत्रिपद सांभाळले. फरक रक्ताचा नव्हता. नाईकांच्या घरी जमीन होती आणि मुलाला नागपुरास पाठवून वकिलीपर्यंत शिकवण्याची ऐपत होती. ही दोन साधने ज्या मुलाच्या हाती नसतात, त्याचे अपयश मात्र जातीच्या खात्यावर मांडले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगातील कामे जातीनुसार वाटणाऱ्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांत गणणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. मूळ कायदा जाऊन तेव्हा बहात्तर वर्षे लोटली होती. नियमावलीतून शब्द काढण्यास एवढा काळ लागतो, तर मनातून काढण्यास किती लागेल?

हा प्रश्न केवळ न्यायालयाचा नाही. वर्गात कंपासपेटी हरवली की पहिली नजर कोणत्या बाकाकडे वळते, हे शिक्षकाच्या हातात आहे. कागद अपुरे म्हणून अर्ज परत करायचा की नियमात मान्य असलेली गृहचौकशी करून तो पुढे न्यायचा, हे कारकुनाच्या टेबलावर ठरते. शेजारच्या बाकावर कोणी बसायचे, हे विद्यार्थी ठरवतात. विज्ञानकथेतील क्लोन मुलासाठी डोळ्यांत पाणी येते, कारण त्याला निवडीची संधीच मिळालेली नसते. बेड्यावरून शाळेत आलेल्या मुलाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. मात्र त्याच्या कथेचा शेवट अजून लिहिला गेलेला नाही, आणि तो लिहिणारे याच गावात राहतात.