हवा तो माल किती, नको तो किती : रिॲक्टरची निवड

आपल्या वस्त्यांमधील कितीतरी तरुण अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर, लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांत कामाला जातात. कुणी हेल्पर आहे, कुणी ऑपरेटर, तर कुणी आय.टी.आय. अथवा डिप्लोमा करून शिफ्ट सांभाळतो. घरी आल्यावर "आज बॅच बिघडली" एवढेच ते सांगतात. बॅच बिघडली म्हणजे नेमके काय झाले हे घरच्यांना उमगत नाही, आणि पुष्कळदा त्या तरुणासही ते कुणी समजावून दिलेले नसते. आम्ही कला शाखेचे पदवीधर, व्यवसायाने बँकेतील कारकून. तथापि कर्ज विभागात लघुउद्योगांचे प्रकल्प अहवाल वर्षानुवर्षे नजरेखालून जात असल्याने एक प्रश्न आम्हांस नेहमी पडत आला. कच्चा माल तोच, समीकरणही तेच; मग एकाच्या पिंपातून विक्रीयोग्य माल जास्त आणि दुसऱ्याच्या पिंपातून कमी का निघावा? जाणकारांना विचारून व पुस्तके चाळून जे कळले ते येथे देत आहोत.

शाळेच्या पुस्तकात समीकरणाला एकच बाण असतो. कारखान्यात तसे नसते. तेथे एका पदार्थापुढे अनेक वाटा असतात आणि त्यांची आपसात चढाओढ चालते. हवा असलेला पदार्थ तयार होत असतानाच नको असलेलाही होत असतो. ही चढाओढ मुख्यतः दोन तऱ्हेची. एक, समांतर : कच्चा माल एकाच वेळी दोन दिशांना जातो. दुसरी, साखळीची : कच्च्या मालापासून हवा तो पदार्थ होतो आणि तोच पुढे बिघडून नको तो होतो.

साखळीचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. चिक्कीसाठी नुसती साखर कढईत तापवली की ती वितळते, सोनेरी होते आणि हात आखडला की करपते. साखर हा कच्चा माल, सोनेरी पाक हा हवा तो माल, करपट काळे ते नको ते. आता समजा, एखाद्याने कढई न उतरवता एका बाजूने साखर टाकत राहायचे, मध्ये सतत ढवळायचे आणि दुसऱ्या बाजूने पाक काढत राहायचे असे ठरवले. काय होईल? काढलेल्या प्रत्येक पळीत काही कण आत्ताच पडलेले, कच्चे असतील आणि काही कधीचे आत राहून करपलेले असतील. आच कितीही सांभाळली तरी हा दोष जात नाही. कारण दोष आचेचा नाही, भांड्याच्या पद्धतीचा आहे.

कारखान्यातील भांडी मूलतः तीन प्रकारची. पहिली बॅच : सर्व माल एकदम भरायचा, ठरलेला वेळ ठेवायचा, रिकामा करायचा. दुसरी सतत चालणारी ढवळटाकी : एकीकडून माल येतो, पंखा फिरतो, दुसरीकडून जातो. तिसरी नळी : माल एका टोकाने शिरतो, रांगेने पुढे सरकत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो.

नळी आणि टाकी यांतील फरक समजण्यास आमच्या बँकेचे काउंटर पुरेसे आहे. टोकन घेऊन रांग लावली तर प्रत्येकास सारखाच वेळ लागतो. रांग नसेल आणि सगळे खिडकीभोवती गर्दी करतील तर नुकताच आलेला मनुष्य दोन मिनिटांत पैसे घेऊन जातो आणि एखादे म्हातारे बाबा दुपारपर्यंत उभेच. ढवळटाकीत अगदी हेच घडते. गणित असे सांगते की चांगल्या ढवळलेल्या टाकीत सरासरी मुक्काम एक तासाचा असेल, तर सुमारे ६३ टक्के माल तासापूर्वीच बाहेर पडतो आणि सुमारे १३ टक्के माल दोन तासांहून अधिक काळ आत रेंगाळतो. नळीत किंवा बॅचमध्ये मात्र सर्वांचा मुक्काम समान.

म्हणून साखळीच्या अभिक्रियेत नळी किंवा बॅचच सरस ठरते. किती सरस? दोन्ही पायऱ्यांचा वेग सारखा असेल, तर नळीत कच्च्या मालाचा जास्तीत जास्त ३७ टक्के भाग हव्या पदार्थाच्या रूपात हाती येतो, टाकीत फक्त २५ टक्के. दुसरी पायरी पहिलीच्या दहापट मंद असेल, तर नळीत ७७ टक्के आणि टाकीत ५८ टक्के. रसायन तेच, तापमान तेच. केवळ भांडे बदलल्याने शंभरामागे एकोणीस किलोचा फरक पडला. हे १९ किलो कुठे जातात? काही कच्चे राहतात, ते वेगळे करून पुन्हा वापरता येतात. करपलेला भाग मात्र बहुधा डांबरासारख्या गाळात किंवा सांडपाण्यात जातो, आणि ज्या नाल्यात तो सोडला जाईल त्याच्या काठी कोण राहते हे आम्ही सांगावयास नको.

याशिवाय एक युक्ती आहे : लवकर थांबणे. बेन्झिनवर क्लोरीन सोडून मोनोक्लोरोबेन्झिन करतात, पण क्लोरीन चालूच ठेवला तर त्याचेच डायक्लोरोबेन्झिन होते. मोनो हवे असेल तर बेन्झिन मुद्दाम जास्त ठेवतात, अभिक्रिया अर्धवट असतानाच थांबवतात आणि उरलेले बेन्झिन ऊर्ध्वपातनाने वेगळे करून परत वापरतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, अर्धा माल तसाच का सोडला? प्रत्यक्षात तो सोडलेला नसून वाचवलेला असतो.

आता समांतर वाटांकडे वळू. येथे ढवळटाकीची बाजू घ्यावी लागते, आणि ही गोष्ट नवशिक्यांना चटकन पटत नाही. समजा, हवी ती अभिक्रिया घडण्यास कच्च्या मालाचा एकच रेणू पुरतो आणि नको ती घडण्यास त्याच मालाचे दोन रेणू एकमेकांवर आदळावे लागतात. द्रावणाची तीव्रता दुप्पट केली तर पहिलीचा वेग दुप्पट होईल, दुसरीचा चौपट. म्हणजे दाटी केली की नको त्याचाच फायदा. मग दाटी टाळायची. ढवळटाकीत शिरलेला माल क्षणात सर्वत्र पसरून विरळ होतो, तेव्हा तीच योग्य. उलट, हवा तो पदार्थच दोन रेणूंच्या भेटीतून होत असेल तर दाटी हवी आणि नळी किंवा बॅच हवी. एकच नियम, पण उत्तर दोन्हीकडे जाऊ शकते. "अमुक रिॲक्टर चांगला" असे छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यावर आमचा म्हणूनच विश्वास बसत नाही.

दोन कच्चे माल असतील आणि एकाची तीव्रता कमी, दुसऱ्याची जास्त ठेवायची असेल तर एक माल टाकीत आधी भरून दुसरा थेंबाथेंबाने सोडतात. आपल्याकडील औषधे व रंग यांच्या लहान कारखान्यांत हा प्रकार फार चालतो.

हे सारे एकाच ठिकाणी पाहायचे तर पॉलिस्टर कापडाच्या मुळाशी जावे लागते. पॉलिस्टरसाठी ग्लायकॉल लागते, ग्लायकॉलसाठी इथिलीन ऑक्साइड. फ्रान्समध्ये लफोर यांनी १९३१ साली दाखवून दिले की चांदीच्या उत्प्रेरकावरून इथिलीन वायू आणि ऑक्सिजन नेल्यास इथिलीन ऑक्साइड थेट मिळते. पण त्याच चांदीवर इथिलीन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड व पाणीही होते, आणि झालेले ऑक्साइडसुद्धा जळू शकते. म्हणजे समांतर आणि साखळी अशा दोन्ही चढाओढी एकत्र! त्यात उष्णतेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ऑक्साइड होताना दर मोलला सुमारे १०५ किलोज्यूल उष्णता निघते, पूर्ण जळताना सुमारे १३२०, म्हणजे बारापटीहून अधिक. थोडे जास्त जळाले की तापमान चढते, आणि तापमान चढले की जळण्याचा वेग हव्या अभिक्रियेपेक्षा अधिक वाढतो. त्यातून आणखी उष्णता. हे चक्र तोडण्यासाठी एक मोठी नळी न घेता हजारो बारीक नळ्या घेतात, त्यांत चांदीचा उत्प्रेरक भरतात आणि भोवती उकळते पाणी किंवा तेल खेळवून उष्णता काढून घेतात. वायूत अगदी सूक्ष्म प्रमाणात क्लोरीनयुक्त पदार्थ मिसळतात, त्याने जळणे दबते. शिवाय एका फेरीत इथिलीनचा थोडाच भाग वापरून उरलेला परत फिरवतात.

पुढची पायरी ऑक्साइडमध्ये पाणी घालून ग्लायकॉल करण्याची. येथे अडचण अशी की तयार झालेले ग्लायकॉलच नव्या ऑक्साइडला धरते आणि डायग्लायकॉल, ट्रायग्लायकॉल होत जाते. उपाय म्हणून ऑक्साइडच्या एका रेणूमागे वीसेक रेणू पाणी घेतात, म्हणजे ऑक्साइडला पाणीच आधी भेटते. सुमारे ९० टक्के ग्लायकॉल मिळते खरे, पण ते सर्व जादा पाणी वाफ करून उडवावे लागते. त्या वाफेचा खर्च वाचावा म्हणून शेल कंपनीने ऑक्साइडचे आधी कार्बोनेट करून मग ग्लायकॉल करण्याची पद्धत काढली. तीत पाणी थोडे लागते आणि जवळजवळ सारे ग्लायकॉलच मिळते. तिचा पहिला मोठा कारखाना २००८ साली दक्षिण कोरियात सुरू झाला.

ह्या शास्त्राला जगभर विद्यार्थी मिळवून दिले ते ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्या १९६२ सालच्या पाठ्यपुस्तकाने. आपल्या महाराष्ट्राचाही यात मोठा वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. एल. के. दोराईस्वामी आणि माटुंग्याच्या यू.डी.सी.टी.तील डॉ. एम. एम. शर्मा यांनी मिळून लिहिलेला द्विखंडी ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. १९३३ साली स्थापन झालेली ती माटुंग्याची संस्था आता आय.सी.टी. म्हणून ओळखली जाते. बारावीनंतर कुठे जावे असे विचारणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे नाव ध्यानात ठेवावे.

नको ती अभिक्रिया म्हणजे केवळ पैशाचे नुकसान, असेही नाही. इटलीत मिलानजवळ मेदा येथील इक्मेसा कारखान्यात ट्रायक्लोरोफिनॉलची बॅच चाले, साधारण १५८ अंश तापमानात. १० जुलै १९७६ रोजी, शनिवारी सकाळी, सुट्टीसाठी काम बंद करताना बॅच अर्धवट ठेवली गेली आणि पंखा थांबवला. नेहमीपेक्षा फार गरम वाफेमुळे भांड्याची वरची बाजू तापलेली होती. ढवळणे बंद असल्याने ती उष्णता वरच्या थरातच साचली, तेथे उष्णता सोडणारी अभिक्रिया हळूहळू सुरू झाली आणि सुमारे साडेसहा तासांनी सुरक्षा-चकती फुटून ढग बाहेर पडला. त्या तापमानात नको असलेला जो पदार्थ वाढला होता तो होता डायॉक्सिन. शेजारच्या सेवेसो गावातील मुलांच्या अंगावर फोड उठले, हजारो जनावरे मारावी लागली.

तेव्हा बॅच-शीटवर "चार तासांत हळूहळू सोडावे" असे लिहिलेले असते ते सुपरवायझरच्या लहरीखातर नव्हे. शिफ्ट सुटायची घाई म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडून तेच दोन तासांत सोडले, तर आतली तीव्रता वाढते, उष्णता काढून नेणारे थंड पाणी पुरे पडत नाही, आणि दोन्ही कारणांनी माल नको त्या वाटेला जातो. तसेच सोडताना पंखा बंद पडला तर वरून येणारा माल न मिसळता साचतो. घाबरून पंखा एकदम सुरू केल्यास साचलेले सगळे एकाच वेळी पेटून उठते. अशा वेळी माल सोडणे प्रथम बंद करावयाचे, तापमान पाहावयाचे, आणि पंखा परत लावण्यापूर्वी वरिष्ठांना बोलवावयाचे. मग ती रात्रपाळी असली तरी.