शुक्रवार सकाळ, दोन माणसं आणि एक माइक

अमेरिकेत नॅशनल पब्लिक रेडिओवर 'मॉर्निंग एडिशन' हा बातम्यांचा कार्यक्रम 1979पासून चालू आहे. शुक्रवारी सकाळी त्यात काही मिनिटं बातम्या बाजूला सरतात आणि साधी माणसं बोलू लागतात. हा 'स्टोरीकॉर्प्स' या संस्थेचा भाग.

तिचे संस्थापक डेव्ह आयसे यांनी ऑक्टोबर 2003मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ध्वनिमुद्रणाची एक छोटी खोली उघडली. उद्घाटनाला शिकागोचे स्टड्स टर्केल आले होते, वय 91. कामगार, वेट्रेस, ट्रकचालक यांना बोलतं करण्यात त्यांनी हयात घालवली होती. त्यांच्याहून योग्य पाहुणा मिळाला नसता.

पद्धत साधी आहे. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसतात: आई-मुलगा, नवरा-बायको, जुने सहकारी. गप्पांना सुमारे 40 मिनिटं मिळतात. मदतीला संस्थेचा एक माणूस असतो, पण प्रश्न आपल्याच माणसाने विचारायचे. मला यातलं खरं बळ इथेच दिसतं. परक्या पत्रकाराला न सांगितलेली गोष्ट लेकीने विचारली की बाप सांगून टाकतो.

संमती असेल तर ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरमध्ये जतन होतं. प्रसारणाला त्यातली मोजकीच निवडली जातात. 2005पासून फिरती गाडी गावोगाव जाते. 2015पासून मोबाइल अ‍ॅपही आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांनी आजी-आजोबांना मराठीतच बोलतं करून ते जरूर वापरावं.