बुलढाण्याची निहाली



जळगाव म्हटलं की आपल्याला केळी आणि सोनं आठवतं. पण हे जळगाव वेगळं. बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका आहे. तिथल्या काही गावांत निहाली बोलतात. बोलणारे फार तर दोन-अडीच हजार.

शेजारची कोरकू मुंडा कुळातली, आपली मराठी आर्य कुळातली. निहाली मात्र कुणाच्याच घरची नाही! कोरकू-मराठीचे उसने शब्द तिच्यात भरपूर आहेत. ते बाजूला काढल्यावर उरणारा गाभा कुठल्याही भाषेशी खात्रीने जुळवता आलेला नाही. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी गावात जाऊन ध्वनिमुद्रण केलं. २०११ च्या जनगणनेत मात्र ती सापडणार नाही, कारण दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा तिथे वेगळ्या दाखवत नाहीत.

ध्वनिमुद्रण हवंच, पण तेवढ्याने भाषा बोलती राहत नाही. आपल्या रविवारच्या मराठी शाळेतली मुलं घरी इंग्रजीत उत्तर देतात, हे आपण जाणतोच. तरी आपल्यामागे आठ कोटी मराठी माणसं आहेत. निहाली मुलाला शाळेत मराठी, बाजारात मराठी-हिंदी, शेजारी कोरकू. घराबाहेर निहाली बोलायची कुणाशी?

म्हणून अशा कामाला देणगी देताना आपण दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: गोष्टी सांगणाऱ्या आजीला आणि त्या उतरवून घेणाऱ्या तिथल्याच तरुणाला मानधन मिळतं का? आणि छापलेलं पुस्तक त्या गावात परत जातं का?